जनरेटरच्या गळ्यात काळी लोकर उगवली आहे, आणि ती चुंबकाला चिकटते

भट्टीवाला_भोसरी
शुक्रवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या एका छोट्या शॉपमध्ये मी आहे. मालक नव्हे, बावीस वर्षं शिफ्ट सांभाळतोय एवढीच ओळख. गिअर, पिन, बुश यांचं केस कार्ब्युरायझिंग, म्हणजे पोलादाच्या कातडीत कार्बन मुरवून ती कडक करणं, हे आमचं मुख्य जॉबवर्क. भट्टीला लागणारा वायू आम्ही आमच्याच एंडोगॅस जनरेटरवर बनवतो. पाइपने येणारा नॅचरल गॅस एक भाग, हवा साधारण २.४ भाग, हे मिश्रण रिटॉर्टमध्ये, म्हणजे बाहेरून तापवलेल्या बंद भांड्यात, १०४० डिग्रीला निकेलच्या कॅटॅलिस्टवरून (क्रिया घडवून आणणारा पण स्वतः न संपणारा पदार्थ) सोडायचं. बाहेर पडतो तो ढोबळमानाने ४० टक्के हायड्रोजन, २० टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि उरलेला नायट्रोजन. ज्यांना हे पाठ आहे त्यांनी पुढे सरकावं.

रिटॉर्टमधून वायू निघाला की दीड-दोन वीत लांबीचा पाइपचा गळा आहे, मग बेंड आणि मग पाण्याचा कूलर. दोन महिन्यांपासून भट्टीपाशी प्रेशर कमी येत होतं. मला वाटलं कॅटॅलिस्टवर काजळी धरली असेल. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, त्यामुळे लागोपाठ तीन गुरुवार बर्नआउट घेतला, म्हणजे गॅस बंद करून गरम रिटॉर्टमधून हवा सोडून काजळी जाळली. फरक शून्य. शेवटी काल फ्लँज, म्हणजे पाइपचा बोल्टचा जोड, खोलला, तर आत गळ्याच्या भिंतीला काळी लोकर! खोटं सांगत नाही, जुन्या गादीतला कापूस काजळात बुडवून चिकटवावा तशी. बेंडपाशी तर अर्धा पाइप भरलेला.

आता काजळी मी आयुष्यभर बघतोय. काजळी बोटाला तेलकट लागते, चोळली की पसरते. ही पसरत नाही, चोळल्यावर कणकेच्या वळ्या होतात तशा तिच्या बारीक वळ्या होतात. खरवडताना दोन-चार ठिणग्याही उडाल्या. आणि खरी गंमत पुढे आहे. डायल स्टँडचा मॅग्नेटिक बेस टेबलावर होता, त्याच्याजवळ चिमूटभर नेली तर टपकन जाऊन चिकटली आणि दाढीच्या खुंटांसारखी उभी राहिली. कार्बन चुंबकाला चिकटतो हे मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "मामा, हा कार्बन फायबर आहे, विमानात वापरतात, विकला तर भट्टी बंद करून घरी बसाल." भाच्याचं सोडा. मला तीन गोष्टी हव्यात. हे नेमकं काय आहे? बावीस वर्षांत कधी आलं नाही ते आत्ताच का आलं? आणि समजा मुद्दाम उगवायचं म्हटलं, तर उगवता येतं का? मालकाला यातला तिसरा प्रश्नच फक्त आवडलाय.

चिमटा
शुक्रवार, रात्री १०.३१

विकताना भाव किलोवर लावणार की तोळ्यावर, ते आधी ठरवा. उशीत भरून बघा, हिवाळा बरा जाईल.

पाषाण_रोड
शुक्रवार, रात्री ११.५०

उशीत भरू नका. नाकातोंडाजवळही नेऊ नका.

भट्टीवाले, चुंबक लावून बघितलंत हे फार उत्तम केलंत. अर्धं उत्तर तिथेच आहे. मी पाषाणच्या बाजूला एका प्रयोगशाळेत कॅटॅलिस्टवर काम करून निवृत्त झालो. तुमच्या गळ्यात जी लोकर आहे ती टाळण्यात आमची अर्धी नोकरी गेली आणि मुद्दाम उगवण्यात उरलेली अर्धी. त्यामुळे जरा लांबण लागेल.

हा धाग्यांच्या रूपातला कार्बन आहे. ज्या पद्धतीने तो वाढतो तिला सीव्हीडी म्हणतात, केमिकल व्हेपर डिपॉझिशन. गरम पृष्ठभागावरून कार्बनयुक्त वायू न्यायचा, तिथे तो फुटतो आणि त्यातला कार्बन बसतो. नुसता बसला तर थर होतो. पण पृष्ठभागावर लोखंड, निकेल किंवा कोबाल्टचे अतिसूक्ष्म कण असतील तर धागे होतात. कारण हे तीन धातू कार्बन नुसता अंगावर घेत नाहीत, पोटात घेतात. तुम्ही कार्ब्युरायझिंग करता, तुम्हाला हे कशाला सांगायला हवं? ९२० डिग्रीला गिअरच्या कातडीत कार्बन विरघळतो म्हणूनच तुमची केस डेप्थ, म्हणजे कडक थराची खोली, मिळते. आता त्या गिअरच्या जागी लोखंडाचा एक कण धरा, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. एका अंगावर वायू फुटतो, कार्बन आत विरघळतो, कण इवलासा असल्यामुळे लगेच तृप्त होतो आणि दुसऱ्या अंगाने कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात बाहेर पडायला लागतो. खाणं चालू, बाहेर पडणं चालू. शेवयाच्या साच्यातून शेवई यावी तसा धागा. कणाची भिंतीवरची पकड सैल असेल तर धागाच कणाला उचलून डोक्यावर घेतो आणि पुढे वाढत राहतो. पकड घट्ट असेल तर कण मुळाशी राहतो. तुमची लोकर चुंबकाला चिकटते ती कार्बनमुळे नाही, त्या असंख्य धाग्यांवर बसलेल्या लोखंडामुळे.

हे नवीन अजिबात नाही. अमेरिकेत १८८९ साली ह्यूज आणि चेंबर्स यांना लोखंडाच्या भांड्यात मिथेन आणि हायड्रोजनपासून कार्बनचे धागे बनवण्याचं पेटंट मिळालं होतं. दिव्याच्या फिलॅमेंटचे दिवस होते ते. १९५२ मध्ये रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन रशियन शास्त्रज्ञांनी अशा धाग्यांची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालची चित्रं छापली. त्यांची कृती वाचा आणि आपल्या गळ्याकडे बघा: कार्बन मोनॉक्साइड, लोखंड आणि तापमान ६०० डिग्रीच्या आसपास. इंग्लंडमध्ये हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलवर अॅसिटिलीन सोडून धागा वाढताना चक्क मायक्रोस्कोपमध्ये बघितला, ते १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. धाग्याचा वेग तापमानाबरोबर ज्या हिशेबाने वाढत होता, तो निकेलमधून कार्बन सरकण्याच्या हिशेबाशी जुळला. म्हणजे उशीर लागतो तो पोटातून पलीकडे जायला. पुढे १९७६ मध्ये ओबरलिन, एंडो आणि कोयामा यांनी बेंझिनपासून वाढवलेल्या धाग्यांची रचना दाखवली: मधे पोकळ नळी, तिच्याभोवती कार्बनची वलयं. एंडोंनी जपानमध्ये हेच पुढे कारखान्यापर्यंत नेलं. आज लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये वीज नीट वाहावी म्हणून असे धागे मिसळतात.

भाच्याला सांगा, विमानातला आणि महागड्या सायकलीतला कार्बन फायबर हा नव्हे. तो बहुतेक पॅन म्हणजे पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या धाग्यापासून होतो. आधी धागा ताणायचा, २०० ते ३०० डिग्रीला हवेत शेकायचा, मग हजाराच्या वर ऑक्सिजनशिवाय भाजायचा. त्याची जाडी ५ ते ७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि लांबी रिळावर कितीही. तुमची लोकर त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी बारीक असेल, आणि ती तुटक, गुंतलेली. दोघांचं आडनाव एक, घराणं वेगळं.

आता न आवडणारा भाग. धाग्यांच्या डोक्यावर बसलेलं लोखंड आलं कुठून? तुम्ही तर घातलं नाहीत. कॅटॅलिस्ट तुमचा निकेलचा, आणि तो रिटॉर्टमध्ये आहे. गळ्यात लोखंड आहे ते एकाच वस्तूचं. अहो, पाइपच लोकर झालाय तुमचा.

याला मेटल डस्टिंग म्हणतात. कार्बन मोनॉक्साइडने भरलेला वायू साधारण ४५० ते ८०० डिग्रीच्या पट्ट्यात पोलादाशी रेंगाळला की पोलाद कार्बनने तुडुंब भरतं, वर सिमेंटाइटचा, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या संयुगाचा, थर येतो, आणि तो सिमेंटाइट पुन्हा फुटून ग्रॅफाइट आणि लोखंडाची भुकटी होते. भुकटीचा कण न कण कॅटॅलिस्ट. त्यावर धागा वाढतो, कण उचलला जातो, खालचा धातू उघडा पडतो, की पुन्हा तेच. वाळवी लाकडात शिरते तसं.

मला तीन गोष्टी कळवा. गळ्याचा पाइप कुठल्या ग्रेडचा आहे? गेल्या वर्षभरात तिथे काय बदललं? आणि लोकर काढल्यावर आतल्या भिंतीला खड्डे दिसतात का?

भट्टीवाला_भोसरी
शनिवार, सकाळी ७.०५

सर, रात्रभर झोप नाही. सकाळी शिफ्टला आल्या आल्या टॉर्च मारून बघितलं. खड्डे आहेत. चमच्याच्या टोकाने लोणी कोरावं तसे गोल गोल, आणि त्यात तीच लोकर ठासून भरलेली.

मूळ पाइपावर ग्रेडचा नंबर खोदलेला होता, पण तो पाइप तडकला म्हणून गेल्या वर्षी बदलला. फॅब्रिकेटरने ३०४ ग्रेडचा स्टेनलेस लावला, साडेतीन इंच बाहेरून, भिंत साडेपाच मिलिमीटर. स्टेनलेस म्हणजे स्टेनलेस, असं म्हणून आम्ही पुढे गेलो.

काय बदललं म्हणाल तर दोन गोष्टी. ऑर्डर कमी झाल्या म्हणून चारपैकी दोनच भट्ट्या चालू आहेत, तेव्हा जनरेटर निम्म्या फ्लोवर चालतोय. आणि दुसरी माझ्याच हातून झाली. पावसाळ्यात एका हेल्परचा कोपर त्या गळ्याला लागून भाजला. दुसऱ्या दिवशी मीच गळ्याला आणि बेंडला सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळून वरून तार आवळली. त्याच्याशी काही संबंध आहे का?

पाषाण_रोड
शनिवार, सकाळी ८.२०

आहे म्हणजे काय, सगळा संबंध तिथेच आहे. आणि भाजलेल्या माणसासाठी ब्लँकेट गुंडाळलंत यात तुमचं काहीही चुकलं नाही, हे आधी लिहून ठेवतो.

दोन कार्बन मोनॉक्साइड एकत्र येऊन एक कार्बन आणि एक कार्बन डायऑक्साइड होतात. ही क्रिया उष्णता सोडणारी आहे, म्हणून गरमागरम वायूत ती होत नाही. साधारण ७०० डिग्रीच्या खाली तिला उत्साह येतो. आणि फार थंड झालं की ती इतकी मंदावते की न झाल्यासारखीच. म्हणजे धोक्याचा एक मधला जिना आहे. म्हणून एंडोगॅस जनरेटरमध्ये वायू त्या जिन्यावरून पळवत खाली आणतात. कूलर रिटॉर्टच्या तोंडाशी चिकटून असतो तो त्याचसाठी. शिवाय नुसता वायू वायूत असताना ही क्रिया आळशी असते, तिला धातूचा पृष्ठभाग लागतो.

तुमचा गळा आधी उघडा होता. भिंत वाऱ्याने निवत होती, वायू भरधाव जात होता. आता वायू निम्म्या वेगाने चाललाय आणि भिंतीला रजई आहे. भिंत सहाशेच्या आसपास दिवसरात्र मुरत राहिली. कोणी तुम्हाला धागे उगवायची भट्टी बांधायला सांगितली असती, तर याहून चांगली बांधता आली नसती.

ब्लँकेट आजच काढा. त्या जागी हाताला लागणार नाही एवढ्या अंतरावर जाळीचं गार्ड बसवा. पाइप बदलताना ३०४ नको; क्रोमियम आणि अॅल्युमिनियम भरपूर असलेला निकेलचा मिश्रधातू बघा, त्याच्या अंगावर ऑक्साइडची चिवट साय धरते आणि कार्बनला आत शिरू देत नाही. महाग आहे. जमल्यास गळाच आखूड करा, म्हणजे महाग पाइप कमी लागेल. आणि भिंतीची जाडी मोजा, त्याआधी जनरेटर चालू करू नका.

सेफ्टीवाली
शनिवार, सकाळी ९.४५

सरांनी शेवटच्या ओळीत जे हळूच म्हटलं ते मी मोठ्याने म्हणते. दादा, त्या पाइपमध्ये २० टक्के कार्बन मोनॉक्साइड आहे. म्हणजे दोन लाख पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग). बाराशे पीपीएमला माणसाच्या जिवाला तात्काळ धोका धरतात. खड्डा आरपार गेला तर वास येणार नाही, रंग दिसणार नाही. शिवाय ४० टक्के हायड्रोजन, जो हवेत ४ टक्क्यांपासून पेटतो. शॉपमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? असेल तर तो शेवटचा कधी तपासला? भिंतीवर टांगलेला आणि बॅटरी संपलेला अलार्म मी इतक्या ठिकाणी बघितलाय की आता विचारतानाच हात जोडते.

दुसरं. खरवडताना ठिणग्या उडाल्या ते बारीक लोखंड हवेत पेट घेतं म्हणून. त्या लोकरीवर कॉम्प्रेस्ड एअरची गन चुकूनही मारू नका (तुम्ही मारली असणार, सगळेच मारतात). हे धागे फुप्फुसात खोल जातात. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने कार्बन नॅनोट्यूब आणि नॅनोफायबरसाठी (म्हणजे कार्बनच्या अशाच अतिबारीक नळ्या आणि धाग्यांसाठी) २०१३ साली सुचवलेली मर्यादा घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम आहे, आठ तासांच्या सरासरीने. मायक्रोग्रॅम. रुमाल बांधून चालणार नाही. पाण्याने ओलं करून, चांगला पार्टिक्युलेट मास्क लावून काढा, डबल पिशवीत भरा.

तिसरं, जे बहुतेकांना माहीत नसतं. बारीक निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड कोमट तापमानाला एकत्र राहिले तर निकेल कार्बोनिल तयार होऊ शकतो. १८९० मध्ये लुडविग माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला, पुढे निकेल शुद्ध करायला वापरला, आणि तो अतिविषारी आहे. म्हणून जनरेटर बंद करताना कॅटॅलिस्ट २०० डिग्रीच्या खाली जाण्याआधीच नायट्रोजनने धुऊन कार्बन मोनॉक्साइड पूर्ण बाहेर काढा. थंड झाल्यावर मग खोला.

चिमटा
शनिवार, सकाळी १०.०२

माझी उशीची सूचना मागे घेतो.

कापूरवडी
शनिवार, दुपारी ३.१५

काका, तुमचा धागा वाचून मला रडावं की हसावं कळेना. मी एमएस्सी मटेरियल सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट: हेच धागे मुद्दाम वाढवणे. पाच महिने माझ्या क्वार्ट्झ ट्यूबमध्ये नुसती काजळी येत होती, आणि तुमच्याकडे नको असताना अर्धा पाइप भरला!

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण त्यातल्या सगळ्या चुका माझ्या करून झाल्यात.

पहिली पद्धत कॅटॅलिस्ट आधी बसवण्याची. सिरॅमिकच्या बोटीत (होडीच्या आकाराच्या छोट्या भांड्यात) निकेल नायट्रेटचं द्रावण लावलं, वाळवलं, ४०० डिग्रीला भाजून ऑक्साइड केलं, ५०० ला हायड्रोजनमध्ये निकेल केलं आणि ६५० ला अॅसिटिलीन सोडला. जुलैत केलेलं एकही सॅम्पल नीट आलं नाही. निकेल नायट्रेट पुण्याच्या पावसाळी हवेतलं पाणी पिऊन बोटीच्या एका कोपऱ्यात गोळा व्हायचं. मग भाजल्यावर बारीक कणांऐवजी ढेकळं. ढेकळावर धागा वाढत नाही, वाढलाच तर जाड, वेडावाकडा. धाग्याची जाडी साधारण कणाच्या मापाने ठरते, तेव्हा कण सारखे नाहीत तर काहीच सारखं नाही. वर अॅसिटिलीन वेल्डिंगवाल्याच्या सिलिंडरचा. तो सिलिंडरमध्ये अॅसिटोनमध्ये विरघळवून भरलेला असतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सिलिंडर संपत आला की अॅसिटोनची वाफ जास्त येते, आणि कालची कृती आज चालत नाही.

मग तरंगत्या कॅटॅलिस्टची पद्धत घेतली. फेरोसीन नावाची नारिंगी पूड असते, तिच्या प्रत्येक रेणूत लोखंडाचा एक अणू. ती टोल्युइनमध्ये विरघळवायची, सिरिंज पंपाने हळूहळू गरम भागात सोडायची. तिथे वाफ होते, आर्गॉन ती ८०० डिग्रीच्या भागात नेतो, फेरोसीन फुटून लोखंडाचे कण अधांतरीच तयार होतात, आणि टोल्युइन त्यांना कार्बन पुरवतं. इथेही काजळी. मी काय केलं असेल? पंप वाढवला! धागा येत नाही म्हणजे कार्बन कमी पडतोय, असा माझा सरळसोट हिशेब.

उलट होतं. शेवटी मार्गदर्शकांनी वहीवर गणित करायला लावलं. एक मिलिलिटर टोल्युइनची खोलीच्या तापमानाला मोजली तर साधारण २३० मिलिलिटर वाफ होते. मी मिनिटाला अर्धा मिलिलिटर सोडत होते, म्हणजे ११५ मिलिलिटर वाफ, आणि आर्गॉन फक्त १००. ट्यूबमध्ये निम्म्याहून जास्त टोल्युइन! लोखंडाचा कण जेवढा कार्बन पोटात घेऊन पलीकडे काढू शकतो त्याच्या कितीतरी पट मी त्याच्या तोंडात कोंबत होते. मग कणाच्या सगळ्या अंगावर कार्बनचं कवच बसतं आणि तो मरतो. उरलेलं टोल्युइन स्वतःच फुटून काजळी होतं. पंप ०.१ वर आणला, आर्गॉन ३०० केला, वाफेचा वाटा सातेक टक्क्यांवर आला, आणि दुसऱ्याच रनला ट्यूबच्या भिंतीला मखमल. आजी लहानपणी भावाला भरवताना म्हणायची, "घास लहान कर गं, गिळू दे त्याला." ते मला पाच महिन्यांनी कळलं.

नाव कापूरवडी का, तर मी कापरावरही केलंय. देवघरातला कापूर पेटवला की किती काजळी निघते बघा, कार्बनने भरलेला असतो तो. आयआयटी मुंबईत महेश्वर शरॉन यांच्या गटाने आणि नंतर जपानमध्ये मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी कापरापासून नॅनोट्यूब केल्या. कापूर तापवला की वितळत न बसता त्याची वाफ होते, म्हणून हाताळायला सोपा. मी आधी बुधवार पेठेतल्या पूजेच्या दुकानातला आणला, तर तो वड्या बांधायला काहीतरी घातलेला निघाला, ट्यूबमध्ये पांढरा थर. मग केमिकलच्या दुकानातला घेतला. आईने विचारलं, "कॉलेजात आरती करता का?"

काका, थोडी लोकर मला द्याल? एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघते. आणि सर, एक शंका. काही पेपरात टोल्युइनमध्ये थायोफीनचा थेंब घालतात, म्हणजे गंधक, त्याने वाढ सुधारते म्हणतात. पण गंधक तर कॅटॅलिस्टचं विष ना?

पाषाण_रोड
शनिवार, सायंकाळी ६.४०

विष की औषध हे मात्रेवर. गंधकाचा अणू लोखंडाच्या पृष्ठभागावर जागा अडवून बसतो. जरा जास्त झाला की कार्बनला आत शिरायला दारच उरत नाही. मेटल डस्टिंग थांबवायला काही रिफायनऱ्यांत वायूत मुद्दाम किंचित हायड्रोजन सल्फाइड ठेवतात तो याचसाठी. अगदी थोडा असेल तर कणाची काही दारं बंद, काही उघडी राहतात, आणि सगळ्या अंगावर एकदम कवच बसत नाही. तुमच्या आजीच्या भाषेत, घास लहान होतो. पण आधी थायोफीनशिवाय पाच रन सारखे काढून दाखवा. एका वेळी एकच चावी फिरवायची.

वहीत आणखी एक लिहा: रन संपल्यावर ट्यूब किती तापमानाला उघडली. विद्यार्थी घाईने उघडतात, हवा आत जाते, आणि रात्रभर वाढवलेली मखमल जळून जाते. मग म्हणतात यील्ड कमी.

कापूरवडी
शनिवार, सायंकाळी ६.५२

सर, तुम्ही माझ्या लॅबमध्ये कॅमेरा लावलाय का?

भट्टीवाला_भोसरी
पुढचा शुक्रवार, रात्री ९.३०

मंडळी, अहवाल देतो.

गॅस आधीच तोडलेला होता, शनिवारी जनरेटरही पूर्ण थंड केला. सेफ्टीवाल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे नायट्रोजन मारूनच. मालक म्हणाले, नायट्रोजनचे सिलिंडर फुकट येतात का? मी मोबाइलवर तुमचा दोन लाख पीपीएमचा आकडा दाखवला. पुढे बोलले नाहीत. अलार्म भिंतीवर होता. बॅटरी नव्हती. आता नवे दोन आहेत, एक माझ्या टेबलापाशी. आणि हो, एअर गन मी मारली होती.

अल्ट्रासॉनिक जाडी मोजणारा माणूस चाकणहून बोलावला. सरळ गळ्यात साडेपाचाचे साडेचार झालेत. बेंडच्या आतल्या वळणावर एका ठिकाणी १.८. त्याने तीनदा जेल लावून मोजलं, मग माझ्याकडे बघून मशीन बंद केलं. म्हणाला, यावर बोट दाबू नका.

लोकर ओली करून काढली, वाळवून कॅन्टीनच्या वजनकाट्यावर ठेवली, ती भरली १४० ग्रॅम. हेल्परला कोपराबद्दल विचारलं तर म्हणाला, "साहेब, तो डाग पण आता गेला, तुम्ही अजून धरून बसलाय."

गळा आता निम्मा आखूड केलाय, कूलर वर सरकवला. पाइपला निकेलच्या मिश्रधातूची किंमत ऐकून मालक खाली बसले, पण आखूड केल्यामुळे तुकडा लहान लागला म्हणून हो म्हणाले. ब्लँकेट काढलं, चार बोटं अंतरावर एक्स्पांडेड मेटलचं गार्ड लावलं. निम्म्या फ्लोचं काय करायचं ते राहिलंय. सध्या जनरेटर पूर्ण फ्लोवर चालवून जास्तीचा गॅस फ्लेअरला, म्हणजे उघड्या ज्योतीवर, जाळतोय. ते मला आवडत नाही, पण भट्टीपाशी प्रेशर आता घड्याळासारखं आहे. काल शिम टेस्ट घेतली, म्हणजे पोलादाची पातळ पट्टी भट्टीत ठेवून तिने किती कार्बन घेतला ते मोजलं; कार्बन पोटेन्शियल (वायू पोलादाला किती कार्बन देऊ शकतो ते माप) बरोबर आलं.

कापूरवडी ताईंना लोकर लोणच्याच्या बरणीतून दिली, झाकणाला टेप मारून. निकाल त्यांनीच सांगावा.

कापूरवडी
पुढचा शुक्रवार, रात्री १०.०५

बरणीला अजून कैरीचा वास होता, पण सॅम्पल झकास! धागे ६० ते १५० नॅनोमीटर जाडीचे. आपला केस ७०-८० हजार नॅनोमीटरचा असतो, म्हणजे किती बारीक ते बघा. बरेचसे दोरीसारखे पीळ घेतलेले. आणि कितीतरी धाग्यांच्या टोकाला पांढरा ठिपका, टाचणीच्या डोक्यासारखा. त्या ठिपक्यांवर घटक तपासले तर लोखंड, त्याच्या जोडीला निकेल, आणि आजूबाजूला थोडं क्रोमियम. ३०४ चीच माणसं, काका. सरांनी न बघता सांगितलं होतं.

मालकांसाठी: काजळी, धागे आणि पाइपचा चुरा असं हे एकत्र आहे. लोखंड आम्लात धुऊन काढावं लागेल, धागे सारख्या मापाचे नाहीत. विकत घेणारा आधी विचारेल की पुढची बरणी अशीच येईल का. येणार नाही, पुढच्या बरणीला पाइपच शिल्लक नाही.

एक मागू का? तो कापलेला बेंड भंगारात गेला नसेल तर आमच्या डिपार्टमेंटला हवाय. खड्ड्याचा काटछेद घेऊन पॉलिश करून बघायचा आहे, सिमेंटाइटचा थर दिसतो का ते.

भट्टीवाला_भोसरी
पुढचा शुक्रवार, रात्री १०.२०

गेला नाही, माझ्या टेबलाखाली गोणपाटात आहे. भंगारवाला दोनदा बघून गेला. गुरुवारी या, सुट्टी असते, निवांत बोलता येईल. जड आहे, दुचाकीवर एकट्या येऊ नका. पत्ता मेसेजमध्ये टाकतो. सरांनाही घेऊन या, पाषाणहून यायला तयार असतील तर. चहा शॉपवरचाच मिळेल.

पाषाण_रोड
पुढचा शुक्रवार, रात्री १०.४१

येतो. चहा बिनसाखरेचा.